पहिलं मुसळ काकीचं

१३ जानेवारी, सोमवार

ही डायरी कंपनीने दिली. दरवर्षी अशा डायऱ्या मी दूधवाल्याच्या खाड्यांना लावते. यंदा क्षिप्राने ती माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "सुचिताताई, रोज दोन ओळी लिहा. तुम्हाला उत्तर येतं, पण लिहिताना हात अडतो. परीक्षेत तिथेच मार खाता."

क्षिप्रा म्हणजे आमची एचआर. सीवूड्सला राहते, वय सव्वीस, बोलताना हवेत बोटांनी तक्ते काढते. मुलगी गुणी आहे, फक्त नीट जेवत नाही.

तीन वर्षांपूर्वी ती नवीन लागली तेव्हा तिने कँटीनमध्ये पडदा लावून 'पदवी मिशन' दाखवलं होतं. कंपनीत दर दोन माणसांतला एक पदवीधर पाहिजे, पुढच्या मशीन वेगळ्या असणार, वगैरे. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. मी क्वालिटीला. वाकडं झाकण माझ्या नजरेतून सुटत नाही, हे साहेबसुद्धा मान्य करतात. मी उठून विचारलं, "मॅडम, झाकण वाकडं आहे हे कळायला बी.कॉम. लागतं का?" सगळे खो खो हसले. ती हसली नाही. म्हणाली, "झाकण उद्या कॅमेरा बघेल. पण कॅमेऱ्याने ढीगभर माल बाहेर फेकला तर का फेकला, नुकसान किती, गिऱ्हाइकाला काय कळवायचं, हे माणूसच बघणार. ते माणूस तुम्ही असावं असं मला वाटतं."

त्याच आठवड्यात मुक्त विद्यापीठात नाव घातलं.

आता शेवटचं वर्ष. नवी लाईन दिवाळीच्या सुमाराला येणार आणि तिचा शिफ्ट इन्चार्ज पदवीधरच हवा, असं मोठ्या साहेबांनी ठरवलंय. पेपर मे महिन्यात. सगळे सुटले तर ती खुर्ची माझी. नाही सुटले तर बाहेरून कोणीतरी कोवळं पोरगं येईल आणि मी त्याला 'सर' म्हणत त्याच्या चुका निस्तरीन.

दोन ओळी म्हणाली होती. बऱ्याच झाल्या की.

१९ जानेवारी, रविवार

घरी यातलं कोणालाच माहीत नाही. तीन वर्षं! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटते.

लग्न झालं तेव्हा मी सेकंड इयरला होते. रूपेश आणि मी कॉलेजला एकाच बसने जायचो, त्या बसनेच आमचं जमवलं. "कॉलेज सोडणार नाही बरं का," असं मी अख्ख्या पावणे गावाला ऐकवून माप ओलांडलं आणि दुसऱ्या वर्षी ईश्वरी झाली. पुढचं सांगायला नको. ती आता पुण्यात इंजिनीअर होतेय. माझी जाऊ, अरुणावहिनी, आजसुद्धा नवीन पाहुणे आले की म्हणते, "ही आमची कॉलेजवाली." आता पुन्हा सांगायचं आणि पुन्हा तोंडावर पडायचं? नको रे बाबा.

पण खरी भीती आईंची, म्हणजे सासूबाईंची. गोजराबाई या पट्ट्यातल्या धवलारीण आहेत. आमच्या लग्नांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले म्हणते तशी हळद कांडली जाते, हळद लागते, नवरा मांडवात येतो. ती गप्प तर लग्न गप्प. आणि आई नुसत्या जुन्या ओळी म्हणत नाहीत, ऐन वेळी नवीन रचतात. रूपेश लहानपणी मिठागराच्या चिखलात कंबरेपर्यंत रुतला होता, ते गेली कित्येक वर्षं तुर्भ्यापासून घणसोलीपर्यंत गायलं जातंय. आईंना कळलं म्हणजे धवल्यात आलं.

म्हणून माझी पुस्तकं तांदळाच्या पिंपात, प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाखाली. तिकडे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आजकाल आईंना काय झालंय कळत नाही. दर रविवारी मला गच्चीवर पाठवतात. "जवला वालत घातलाय, कावले खातील. बस तिथं राखन करत. मच्छी मी साफ करतंय." आता वाळत घातलेला जवळा केवढा, तर ताटलीभर. कावळ्याच्या दाताखालीही येणार नाही. पण वय झालं की माणूस असा एखादा हट्ट धरतो. मी कशाला नाही म्हणू? पुस्तक पदराखाली लपवून गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसते. जेवायला हाक येईपर्यंत एक अख्खं प्रकरण होतं.

खालच्या भाडेकरूंनी स्पीकर लावला तर आई जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "बंद करा रे, माजा डोका उटलाय!" ज्या बाईने आयुष्यभर बेंजोच्या शेजारी उभं राहून गाणं म्हटलं, तिचं डोकं उठलं. खरंच म्हातारपण आलं.

पुस्तकाच्या कॉस्टिंगच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. माझंच असणार, कालवणाच्या हाताने पान उलटलं असेल. जपायला पाहिजे.

२१ मार्च, शुक्रवार

क्षिप्राने जेवणाच्या सुट्टीत सराव परीक्षा घेतली. कॉस्टिंगमध्ये सपशेल आपटले. हातात डबा धरून बसून राहिले.

खरं सांगायचं तर मनात येतं, कशाला हे? या वयात माझी बोटं झाकणं चाचपायला सरावलीत, वजाबाक्यांना नाही. पदवीने माणूस शहाणा होतो असंही नाही. आमचे जुने मॅनेजर चांगले एम.कॉम. होते आणि त्यांना स्वतःचा डबा कुठे ठेवला ते सापडत नसे. हे सगळं मी क्षिप्राला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "ताई, तुम्हाला वाया गेलेला माल कसा मोजतात ते येतं?"

"रोज मोजते की."

"मग हेच कॉस्टिंग आहे. फक्त पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे."

आणि तिने आमच्याच मशीनवरच्या झाकणांचं गणित घालून दाखवलं. खराब झाकणांचा खर्च चांगल्या झाकणांवर कसा बसतो, ते मला दुपारच्या शिफ्टमध्ये उभ्या उभ्या कळलं. इतका आनंद झाला की शेजारच्या पोरीला बोलावून समजावून सांगितलं. ती घाबरली बिचारी, तिला वाटलं तिचं काही चुकलं.

६ एप्रिल, रविवार

बंडूचं लग्न ठरलं! बंडू म्हणजे अरुणावहिनीचा मुलगा, या घरातल्या मुलांमधलं पहिलं लग्न. मुलगी उलव्याची, बँकेत आहे. पेढे आले, सगळे नाचले, मीसुद्धा नाचले.

मग तारीख कळली. लग्न अठरा मे, हळद सतरा मे.

मी मोरीत जाऊन मोबाइलवर टाइमटेबल काढलं. शेवटचा पेपर, ऑडिटिंग, सतरा मे, दुपारी दोन ते पाच, केंद्र कामोठे.

बाहेर आले तर अरुणावहिनी म्हणते, "अगो, तुजा तोंड असा का झाला? पेढा खराब हाय का?"

७ एप्रिल, सोमवार

क्षिप्राला सांगितलं. ती म्हणाली, तो पेपर पुढच्या सत्रात देता येईल, पण निकाल येईपर्यंत नवी लाईन सुरू होऊन दुसरं कोणी खुर्चीत बसलेलं असेल.

दुसऱ्या बाजूला हळद. बाहेरच्यांना काय सांगणार, आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. सगळा गाव जेवतो, सगळा गाव नाचतो. दुपारी चारला घाणा भरतात. सवाशिणी मुसळाला हात लावून हळद कांडतात, धवलारीण धवला म्हणते आणि तिथून कार्य सुरू होतं. बंडूला एकच काकी, ती मी. ती त्या वेळी कामोठ्याला बाकावर बसून पेपर लिहिते आहे! असं झालं तर पुढची वीस वर्षं मी 'कॉलेजवाली'च काय, 'हळद सोडून गेलेली' म्हणून ओळखली जाईन. आणि बंडूला मी कडेवर घेऊन वाढवलाय, त्याचं काय?

दोन्ही पाहिजे. आणि दोन्ही एकाच वेळी आहे.

२० एप्रिल, रविवार

ठरवलं. पेपर द्यायचा, पाचला सुटायचं, मिळेल त्या रिक्षाने पळत यायचं. घाणा चुकेल, निदान संध्याकाळची हळद मिळेल. आज जेवताना बॉम्ब टाकला. "सतरा तारखेला कंपनीत ऑडिट आहे. बाहेरचे लोक येणार. मला जावंच लागेल." पेपर ऑडिटिंगचाच, म्हणजे तसं खोटंही नाही.

अरुणावहिनीने ताटावरचा हात उचलला. "झाकनांचा ऑडिट? हलदीच्या दिवशी? मोजून काय करनार, झाकना ती झाकनाच!"

रूपेश खाली मान घालून भात कालवत होता. त्याला बरीच उचकी लागली. मी पाणी दिलं.

आई मात्र शांत. मासा निवडता निवडता एवढंच विचारलं, "कवा सुटनार तुजा ऑडिट?"

"पाचला."

"हं," म्हणाल्या आणि चांगला मधला तुकडा माझ्या ताटात घातला. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. बहुतेक त्यांना नीट ऐकू आलं नाही.

१६ मे, शुक्रवार

मांडव उभा राहिला. दारात केळीचे खुंट, गल्लीभर लाइटिंग, बेंजोवाले आजपासूनच सराव करतायत. मी पुऱ्यांच्या पिठाला बसले होते आणि मनात ऑडिटरची कर्तव्यं घोकत होते. पहिलं कर्तव्य, दुसरं कर्तव्य, पिठात तेल दोनदा पडलं.

आई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "जा, झोप जरा. उद्या तुना लांब जायचा हाय."

कंपनी तर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण इतक्या गडबडीत त्यांना तरी कुठे भान.

१९ मे, सोमवार

लग्न पार पडलं. पाय सुजलेत, घसा बसलाय, अंगावरची हळद अजून गेलेली नाही. पण आज लिहिलं नाही तर मी फुटेन.

शनिवारी सकाळी सगळ्यांना जेवायला वाढून निघाले. रूपेश गाडीची चावी फिरवत म्हणाला, "सोडतो."

"कंपनीत? चालत जाईन की."

"बस गो गप."

गाडी हायवेला लागली, तुर्भे मागे गेलं, तरी मी वेड्यासारखी म्हणत होते, "अरे, कंपनी मागे राहिली." कामोठ्याला केंद्राच्या दारात त्याने ब्रेक दाबला. "ऑडिट नीट कर," म्हणाला, आणि मागच्या सीटवरून नवं पेन काढून दिलं.

मी रडले नाही. रडायला वेळ नव्हता. फक्त म्हणाले, "तुला कधीपासून माहीत?"

"तू झोपेत बोलतेस. डेबिट, क्रेडिट, असलं काहीतरी."

"आईंना सांगू नकोस हां. शपथ आहे माझी."

त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. चेहरा मात्र विचित्र झाला होता. उन्हाचा असेल.

पेपर सोपा नव्हता, पण माझा हात अडला नाही. डायरीची कृपा. कर्तव्यं सगळी आठवली. शेवटच्या प्रश्नाला घड्याळात चार वाजले आणि मला आमच्या अंगणात मुसळ उचललेलं दिसायला लागलं. डोळे भरले. मग स्वतःला दम दिला की सुचिता, आता घाणा तर गेलाच, निदान हे तरी धड कर. वेळ संपेपर्यंत लिहिलं.

बाहेर रूपेश उभा. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात चेन, पांढरा झब्बा, हळदीचा पुरा थाट, आणि हातात हँगरला लावलेली माझी पिवळी साडी. परीक्षेला आलेली पोरं वळून वळून बघत होती. मी केंद्रातल्याच एका खोलीत साडी बदलली. वाटेत तुर्भ्याला गाड्यांची रांग लागली तेव्हा मी गाडीतून उतरून धावायला निघाले होते. त्याने पदर धरून बसवलं.

गल्लीत शिरलो तर शांतता. बेंजोवाले वडापाव खातायत. पोरं खुर्च्यांवर पेंगतायत. अंगणात उखळ तसंच, हळकुंडं तशीच, सवाशिणी चौरंगाभोवती वारा घेत बसलेल्या आणि मधोमध आई, मांडी घालून, तोंडाला कुलूप लावून. साडेसहा वाजून गेले होते.

अरुणावहिनी माझ्याकडे धावली. "आली गो बाय आली! अगो, चारपासून बसलोय. सासू सांगतं, पहिला मुसल काकीचा. काकी आल्याबिगर धवला नाय. मी बोललो ही रीत कवाची? तर बोलतं, धवलारीन मी हाय का तू?"

चांगुणाबाई, त्या गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यासुद्धा मान डोलावत होत्या. "असंल, असंल. गोजराला ठाव असंल."

मी तर थक्क झाले. या घरात येऊन इतकी वर्षं झाली आणि एवढी मोठी रीत मला माहीतच नाही! आणि नशीब बघा, नेमकी ती रीत माझ्याच कामी आली. देव असतो.

मी मुसळाला हात घातला. सगळ्यांनी मागून हात लावले. आईंनी डोळे मिटले, घसा खाकरला, आणि त्यांचा तो आवाज निघाला, तो गल्लीच्या टोकाला जातो. मी मुसळ खाली आणलं आणि ऐकलं,

"पहिला मुसल घेतला गो, कोनी घेतला गो,
घेतला सुचिता सुनेनी, बोटाला शाई गो.
तीन वरसं तांदलात गो, पुस्तका निजली गो,
शेवटचा पेपर देऊन आयली, माजी बाय गो!"

मुसळ माझ्या हातातून सुटायचंच राहिलं. बायकांत एकदम हसू, मग टाळ्या. बंडू खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या वाजवत होता. अरुणावहिनी तोंडाला हात लावून, "तांदलात? मेली माजी बाय, तांदलात?" आणि मग तिनेच मला कवटाळलं आणि चक्क रडली. "कॉलेजवाली गो माजी," म्हणाली. पहिल्यांदाच ते टोचलं नाही.

मी आईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पुढची ओळ म्हणत होत्या, जुनी, बंडूच्या मामाची.

उशिरा त्यांच्या पायाशी बसले. "तुम्हाला कधी कळलं?"

"तू तांदूल काढायला गेलीस की अर्धा तास लागायचा. एवरा तांदूल आपन खातो?"

मग हळदीचं बोट कोणाचं ते मला आपोआप कळलं. गच्ची, जवळा, डोकं उठणं, सगळं एकापाठोपाठ एक. वाकडं झाकण नजरेतून सुटत नाही म्हणवणारी मी! "पण पुस्तक उघडून काय बघितलंत?"

"किती मोठा हाय ते बघतलं. बाप रे. मनात बोललो, हिला रविवार लागतील."

२४ जुलै, गुरुवार

पास! कॉस्टिंगमध्ये काठावर, ऑडिटिंगमध्ये सगळ्यांत जास्त. क्षिप्राने कँटीनमध्येच मिठी मारली. मग बसून माझ्या डब्यातल्या दोन वड्या आणि आंबोशीचं कालवण खाल्लं. मिशनचं काय व्हायचं ते होवो, पोरगी जेवली.

ईश्वरीला फोन केला. "तुझ्या आधी मी ग्रॅज्युएट," म्हणाले. ती म्हणाली, "मम्मी, मला आजीने दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. बोलू नको म्हणाली होती."

या घरात गुपित ठेवणारी माणसं आहेत हे खरं. फक्त त्यांत मी नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी लाईन सुरू झाली. कॅमेऱ्याने पहिल्याच दिवशी ढीगभर झाकणं बाहेर फेकली. सगळे बघत राहिले. मी रिपोर्ट काढला, कारण शोधलं, गिऱ्हाइकाला मेल लिहिली. चूक कॅमेऱ्याच्या काचेवरच्या धुळीची निघाली. खुर्ची चांगली आहे, पण मी फार वेळ बसत नाही.

आमच्या पॅकिंगमधल्या चौघींनी पहिल्या वर्षाला नाव घातलंय. त्यांना सांगितलं, तांदळात ठेवू नका, सांगून टाका.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज चांगुणाबाईंच्या घरी नातवाची हळद. आई धवलारीण म्हणून गेल्या, मी सोबत. चार वाजले, पाच वाजले, घाणा भरेना. का, तर नवऱ्या मुलाची काकी रबाळ्याच्या कंपनीत कामाला, तिची शिफ्ट सुटायची होती. नवऱ्याची आई वैतागली तशी चांगुणाबाई काठी आपटून म्हणाल्या, "पहिला मुसल काकीचा! पावन्यातली जुनी रीत हाय. माज्या सासूच्या टायमाची."

चारचौघी म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. कोणाच्या आजीने असं केलं होतं, तेही कोणीतरी सांगितलं. इतक्यात ती काकी घामाघूम धावत आली, ओळखपत्र गळ्यातच. तिला जेव्हा कळलं की सगळे तिच्यासाठी थांबलेत, तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला, की मला माझाच दिवस आठवला.

परत येताना मी आईंना म्हणाले, "मी उगाच इतकी घाबरले होते. ही रीत आधी माहीत असती तर टेन्शनच घेतलं नसतं. किती जुनी असेल हो?"

आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन गटाराची फरशी ओलांडत होत्या. पलीकडे गेल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या,

"तुज्या शेवटच्या पेपराएवरी."